लेकीच्या घरचा लाभांश

स्वतःच्या पैशाची लाज वाटणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. बाकीच्यांना दुसऱ्याच्या पैशाचीही वाटत नाही, आणि त्यांच्याच जिवावर माझा धंदा चालला.

धंदा म्हणजे काय, तर मी तीस वर्षं शेअरचे फॉर्म विकले. आता शेअर मोबाईलवर घेतात, त्यामुळे फॉर्म विकायचे राहिले आणि भरून द्यायचे आले. कोणाचा नवरा गेला, कोणाची सही जुळत नाही, कोणाचं पॅनवर एक नाव आणि सर्टिफिकेटवर दुसरं, असे सगळे नागपूरच्या नंदनवन भागातल्या माझ्या घरी येतात. मी त्यांना शहाणपण शिकवतो. माझं स्वतःचं शहाणपण असं, की गेल्या वर्षी लाभांश पदरात पाडायचा म्हणून मी नोंद तारखेच्या, म्हणजे लाभांश कोणाला ते ठरतं त्या तारखेच्या, आदल्या दिवशी तीनशे बेचाळीसला शेअर घेतले. चार रुपये लाभांश मिळाला. पण नोंद तारखेला सकाळी बाजार उघडला तो तीनशे अडतीसला. माझेच चार रुपये कंपनीने मला मोठ्या सन्मानाने परत केले आणि त्यावर मी कर भरला. ही गोष्ट मी गिऱ्हाइकांना सांगत नाही.

तर रुपराव भोयर. आमच्यापासून तिसऱ्या गल्लीत राहतात, वय एकाहत्तर. मूळचे पारशिवनीजवळच्या खेड्यातले. शेती थोरल्या भावाकडे राहिली आणि हे नागपूरला येऊन लकडगंजमधल्या एका लाकूड चिरायच्या आरामशीनवर चिकटले. अठ्ठावीस वर्षं त्यांनी तिथे सागाचे घनफूट लिहिले. शर्टाच्या खिशात पेन आणि पँटच्या खिशात घडीची लाकडी फूटपट्टी, हा त्यांचा पोशाख. आरामशीन बंद पडून जमाना झाला, पण पट्टी अजून खिशात आहे. बोलता बोलता ती बाहेर येते आणि रुपराव समोरच्या टेबलाची जाडी मोजतात. माझं टेबल त्यांनी किमान दहा वेळा मोजलं असेल. दर वेळी ते पाऊण इंचच भरतं आणि दर वेळी त्यांना वाईट वाटतं.

पंच्याण्णव सालची गोष्ट. आरामशीनचा शेठ रोज सकाळी गल्ल्यावर बसून रडायचा की हे प्लायवूड आपल्याला खाणार. कामगार माना डोलवायचे. रुपरावांनी पण डोलवली, आणि जेवणाच्या सुट्टीत सायकल मारत माझ्याकडे आले. तेव्हा 'सातपुडा प्लाय अँड बोर्ड्स' नावाच्या हिंगण्याच्या कंपनीचा इश्यू आला होता.

"मार्तंडभाऊ," ते म्हणाले, "जो आपल्याले खाऊन राहिला, त्याच्याच पंगतीत आपण बसून गेलं तं?"

मी अर्थशास्त्राची पुस्तकं वाचलेली माणसं पाहिली आहेत. त्यांच्यापैकी कोणाला हे सुचलं नाही. रुपरावांनी पोस्टातले हजार रुपये मोडून दहा रुपये दराचे शंभर शेअर घेतले. बायकोला, म्हणजे मनकर्णाबाईंना, हे आठ महिन्यांनी कळलं. घरात तीन दिवस फक्त वरणभात शिजला, ज्वारी कडू झाली म्हणे.

दोन वर्षांनी कंपनीने पहिला लाभांश जाहीर केला. दहा टक्के. तेव्हा शेअरचा भाव तीस होता, म्हणून रुपरावांनी तिसाचे दहा टक्के धरून तीनशे रुपये मनात खर्चही करून टाकले. चेक आला शंभराचा. ते तणतणत माझ्याकडे आले की कंपनीने दोनशे खाल्ले. मी समजावलं, "रुपरावजी, टक्के बाजारभावावर नसतात, दर्शनी किमतीवर असतात. कागदावर दहा रुपये छापले आहेत ना? त्याचे दहा टक्के म्हणजे शेअरमागे एक रुपया."

"मंग बाजारभाव कायच्यासाठी राह्यते?"

"मन रमवायला," मी म्हणालो. अजून माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही.

त्या शंभर रुपयांचं त्यांनी काय केलं ते महत्त्वाचं आहे. त्यांची एकुलती लेक कामिनी तेव्हा सहा वर्षांची होती. दिवाळी तोंडावर आली होती. रुपरावांनी तिला ओसरीवर उभं केलं, खिशातून पट्टी काढली, तिचं पाऊल जमिनीवर ठेवून मापलं आणि पेनाने चेकच्या पाकिटावर लिहिलं: सहा इंच, एक सूत कमी. मग लकडगंजच्या एका दुकानातून चपला आणल्या. त्या पोरीने गल्लीभर सांगितलं, "माह्या चपला डिविडनच्या आहेत." गल्लीतल्या बायकांना वाटलं नवीन कंपनी आली.

पुढे दर दिवाळीला हाच क्रम. लाभांशाचा चेक यायचा, पट्टी निघायची, पाऊल मापलं जायचं, माप पाकिटावर लिहिलं जायचं. सात इंच, आठ, पावणेनऊ. शेअरही वाढत होते. कंपनीने दोनदा एकास एक बोनस दिला, शंभराचे चारशे झाले. मग दहा रुपयांच्या एका शेअरचे दोन रुपयांचे पाच केले, चारशेचे दोन हजार झाले. रुपरावांनी त्या सर्टिफिकेटांचं प्रेमाने लॅमिनेशन करून घेतलं. रेशनकार्ड, कामिनीची मार्कशीट आणि मनकर्णाबाईंचा मोतीबिंदूचा कागद जसा केला तसंच. नंतर मी ते शेअर डीमॅट करायला निघालो तेव्हा काउंटरवरच्या मुलीने विचारलं की यावर रद्दचा शिक्का कसा मारू, शाई घसरते. आम्ही परत आलो. तेव्हापासून भोयरांची मालमत्ता प्लास्टिकमध्ये सुखरूप आहे. ना भिजत, ना विकली जात.

अठरा साली कामिनीचं लग्न ठरलं. मुलगा ऋषिकेश डहाके, गरीब स्वभावाचा, कॉमर्स शिकलेला, नोकरी सातपुडा प्लायच्या ऑफिसात. बघण्याच्या कार्यक्रमात रुपरावांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "म्हणजे मी तुमच्या कंपनीचा मालक झालो." सगळे हसले. ऋषिकेश मात्र उठून उभा राहिला. नोकरीत नवीन होता बिचारा.

मे महिन्यात लग्न झालं आणि सप्टेंबरात लाभांशाचा चेक आला. तीन हजार रुपये, तोवरचा सगळ्यात मोठा. रुपरावांनी तो डोळ्यांना लावला, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवला आणि झाकण लावलं.

महिन्याभराने मी सहज विचारलं, "चेक बँकेत टाकला का?"

"काहून टाकीन? लेकीच्या घरचा पैसा हाय तो."

मला आधी कळेचना. मग कळलं तेव्हा हसावं की कपाळावर हात मारावा ते कळेना. आमच्याकडे जुनी रीत आहे, लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरी आईबापाने अन्न घ्यायचं नाही, कडक असतील ते पाणीही घेत नाहीत. दिलेल्या लेकीकडून परत काही यायला नको, असा त्यातला भाव. शहरात ही रीत बरीचशी गेली. रुपरावांकडे ती लॅमिनेशन करून ठेवली होती.

मी वाद घातला. म्हटलं, "रुपरावजी, कंपनी काही जावयाची नाही. तो तिथे पगारी नोकर आहे. कंपनीचे तीस हजार भागधारक आहेत, त्यातले तुम्ही एक. हा पैसा तुमचा आहे."

"त्याचा पगार कुठून येते? त्याच कंपनीतून. त्या पगारातून कामिनीच्या घरी पीठ येते. त्याच डब्यात मी हात घालू? अन एक सांगा, नफा झाला म्हणजे कंपनी पगार वाढवते का डिविडन वाटते? मी डिविडन उचलला तं तेवढी जवाईबुवाची पगारवाढ कमी."

वार्षिक सभांमध्ये लाभांशाविरुद्ध बोलणारे मी ऐकले आहेत. नफा वाटण्यापेक्षा कारखान्यात घाला म्हणतात. पण जावयाच्या पगारवाढीसाठी लाभांश सोडणारा भागधारक कुठल्याही सभेत उभा राहिलेला नाही.

"मग शेअर विकून टाका," मी म्हणालो.

"विकून जो पैसा येईन तो कोणाचा?"

"घेणाऱ्याचा."

"अन घेणाऱ्याले डिविडन कोण देईन?" असं म्हणून त्यांनी माझं टेबल मोजलं. पाऊण इंच.

मी हात टेकले. तसं माझं काय जात होतं? शहाण्या माणसाचा हट्ट मोडता येतो, पण तत्त्वाच्या माणसाच्या नादी लागू नये.

दर रविवारी रुपराव, आधी बसने आणि मेट्रो आल्यावर वैष्णोदेवी चौकातून मेट्रोने, थेट लोकमान्य नगरला उतरायचे आणि तिथून ऑटोने जयताळ्याला लेकीकडे जायचे. हातात पिशवी, पिशवीत घरच्या पाण्याची बाटली. मनकर्णाबाई बरोबर असल्या तर चिवड्याचा डबाही. लेकीने पाटोडीचा रस्सा करावा, साऱ्या बिल्डिंगीत वास सुटावा, आणि बापाने सोफ्यावर बसून आपला चिवडा चघळावा. एकदा मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला होता आणि बाटली वाटेतच संपली. तेव्हा त्यांनी कामिनीकडून अर्धा ग्लास पाणी घेतलं आणि निघताना ग्लासाखाली अकरा रुपये ठेवले. तेव्हापासून अकरा रुपये सुटे खिशात ठेवायची सवयच लागली. पट्टीच्या शेजारी.

पहिल्या वर्षी कामिनी हसायची. मैत्रिणींना सांगायची, माझे बाबा घरी येतात तेव्हा टूरवर आल्यासारखे येतात. तिसऱ्या वर्षी हसणं कमी झालं. मूल झालं नव्हतं. धंतोलीतल्या डॉक्टरांच्या फायली जाड होत गेल्या. पाचव्या वर्षी तिने बाबांपुढे पाण्याचा ग्लास ठेवणंच सोडलं. रुपरावांना वाटलं, पोरीला रीत समजली. मला आता राग येतो तो त्यांच्यापेक्षा माझाच जास्त येतो. मी हे सगळं ऐकत होतो आणि चार मित्रांत विनोद म्हणून सांगत होतो.

मधल्या काळात ऋषिकेशची बदली कंपनीच्या गुंतवणूकदार कक्षात झाली. ज्यांनी लाभांश नेला नाही त्यांची यादी करणं आणि त्यांना पत्रं लिहिणं हे त्याचं काम. यादी कंपनीच्या वेबसाइटवर लावतात. भ अक्षरात रुपराव भोयर, पत्ता नंदनवन. साहेबाने विचारलं असेल, हे कोण? ऋषिकेश काय बोलला ते देव जाणे. पण पत्र दर वर्षी आलं, छापील, खाली संपर्कासाठी त्याचं नाव. 'प्रिय भागधारक, आपला लाभांश आमच्याकडे पडून आहे.'

रुपराव पत्र मला दाखवायचे. "जवाईबुवानं मले प्रिय म्हटलं," असं म्हणून घडी करून डब्यात टाकायचे.

दिवाळीला सासरा-जावई भेटायचे. ऋषिकेश वाकून नमस्कार करायचा, म्हणायचा, "कसे आहात मामाजी?" रुपराव म्हणायचे, "बरा हाय. तुमची तब्येत?" एवढंच. सासऱ्याशी पैशाची गोष्ट काढणारा जावई आमच्याकडे उद्धट ठरतो. त्यामुळे जे घरात बोलता येत नव्हतं ते दोघं पोस्टखात्यामार्फत बोलत होते. बोलत होते म्हणजे एक बोलत होता. चोवीस सालापासून तर चेक येणंही बंद झालं. कागदी शेअरवाल्यांनी पॅन, बँक खातं आणि सहीचा नमुना दिल्याशिवाय लाभांश सोडायचाच नाही असा नियम आला. रुपरावांना तो फार आवडला. सरकार पहिल्यांदाच त्यांच्या बाजूने होतं.

पंचवीसच्या जुलैत मात्र रजिस्टर पत्र आलं. रुपराव भर दुपारी ते घेऊन आले. मी वाचलं. सलग सात वर्षं लाभांश न घेतल्याने, दहा ऑक्टोबरपर्यंत दावा न केल्यास, पहिल्या वर्षाचा लाभांश गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीत जमा होईल, आणि त्याबरोबर आपले दोन हजार शेअरही.

"पैसा सरकारात गेला तं जाऊ द्या," रुपराव म्हणाले. "देशाच्या कामी येईन."

"पैसाच नाही. शेअर."

"कोणते शेअर?"

"तुमचे. सगळे. दोन हजार. आजच्या भावाने सहा लाख ऐंशी हजारांचे."

रुपरावांनी पत्राची घडी घातली. मग म्हणाले, "दूध नाई काढलं म्हणून गाय घेऊन जाते का कोणी?"

"सात वर्षं कोणी दूध काढायला आलं नाही तर सरकार समजतं की गायीला मालक नाही. परत मागता येते, पण त्याचा वेगळा अर्ज, वेगळे कागद. तुमच्या वयात त्या वाटेला जाऊ नका. त्यापेक्षा सातांपैकी एक लाभांश घ्या. एक घेतला तरी शेअर वाचतात."

तेव्हा त्यांचा चेहरा मी पहिल्यांदा उतरलेला पाहिला. "ते शेअर माहे नाईत गा," ते म्हणाले. "कामिनीचे हायत. मी गेल्यावर तिलेच भेटतीन म्हणून तं एक बी विकला नाई. तिले दवाखान्याले लागतीन, घराले लागतीन. लेकीच्या घरचं घेऊ नाई म्हणून हात नाई लावला, अन आता त्यानंच लेकीचं जाते?"

पत्राच्या तळाशी, छापील मजकुराखाली, निळ्या पेनाने एक ओळ लिहिली होती. कंपनीच्या नियमात ती बसत नसणार. 'मामाजी, कृपया सही करा.' सात वर्षांत जावयाने सासऱ्याशी केलेली ती पहिली खासगी गोष्ट.

रुपराव आठ दिवस फिरकले नाहीत. मग आले ते तोडगा घेऊनच. हिशेबनीस माणूस, धर्म आणि कायदा दोन्हींची बेरीज जुळवून आणली होती. अठरा सालचा एकच लाभांश घ्यायचा, तीन हजार. तो हाती आला की त्यात अकरा रुपये घालून तीन हजार अकरा कामिनीला परत द्यायचे. म्हणजे घेतलं असं कायद्याला दिसेल, आणि दिलं असं देवाला.

"वा," मी म्हणालो. खरंच म्हणालो. मला त्यात काही खोट दिसली नाही, एवढा मी या धंद्यात मुरलो आहे.

ऑगस्टातल्या एका रविवारी आम्ही दोघं फॉर्म घेऊन जयताळ्याला गेलो. साक्षीदार म्हणून मी. मनकर्णाबाई आल्या नाहीत, म्हणाल्या, "तुमचा डिविडन तुम्हीच निस्तरा." ऋषिकेश घरीच होता. त्याने नमस्कार केला आणि खुर्चीच्या अगदी काठावर बसला, घर माझं आणि पाहुणा तो असल्यासारखा. कामिनीने माझ्यापुढे पाण्याचा ग्लास आणि बशीत पाटोड्या ठेवल्या. बाबांपुढे काही नाही. रुपरावांनी पिशवीतून बाटली काढून पायाशी ठेवली आणि तोडगा समजावून सांगायला सुरुवात केली. तीन हजार, अधिक अकरा. कायद्याला असं, देवाला तसं.

कामिनी दाराला टेकून ऐकत होती. चौतीस वर्षांची बाई, शाळेत शिकवते, आवाज चढवत नाही. तेव्हाही चढवला नाही.

"बाबा, तो नियम यांनी मले समजावून सांगतला," ती म्हणाली. "सात वर्षं कोणी घ्यायले आलं नाई तं समजतात का याचा मालक राह्यला नाई. तुम्ही माह्या घरचं सात वर्षांत काही घेतलं नाई. मंग मी कोणाच्या नावानं जमा झाली?"

ऋषिकेश खाली बघायला लागला. माझ्या घशात पाटोडी अडकली आणि पाणी प्यायची सोय नव्हती, कारण त्या घरात त्या क्षणी ग्लास उचलणं मला जमेना.

"तसं नाई वं माय," रुपराव म्हणाले.

"तसंच हाय. लेकरू झाल्यावर बाप पाणी पेते. मले झालं नाई, म्हणून तुम्ही पेत नाई. तुम्ही तोंडानं म्हणत नाई, पण ती बाटली दर रविवारी येऊन मले सांगून जाते. डॉक्टर बी एवढ्या वेळा सांगत नाई."

रुपरावांनी बाटलीकडे पाहिलं. मग मुलीकडे. मला खात्री आहे, हा अर्थ त्यांच्या डोक्यात कधी आलाच नव्हता. त्यांच्या लेखी ती बाटली म्हणजे लेकीचा मान होता. तुझं काही नको, तुला काही कमी पडू नये, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. अठ्ठावीस वर्षं ज्याचा हिशेब एका सुताने चुकला नाही त्याचा इथे सात वर्षं चुकत होता, आणि तपासणारं कोणी नव्हतं. मी होतो, पण मी हसत होतो.

"मले हे ध्यानातच नाई आलं," ते म्हणाले. "तुह्या गळ्याची आण."

खाली भाजीवाला ओरडत गेला.

"पाणी दे," रुपराव म्हणाले.

कामिनी हलली नाही. बाटली त्यांच्या पायाशीच होती.

"तुह्या घरचं दे वं. तहान लागली."

ती आत गेली. आतून बराच वेळ नळाचा आवाज आला, एका ग्लासाला लागतो त्याहून जास्त. मग तिने स्टीलचा ग्लास काठोकाठ भरून आणला. रुपरावांनी तो एका दमात संपवला. थोडं पाणी हनुवटीवरून शर्टावर सांडलं. त्यांनी ग्लास टेबलावर ठेवला आणि त्यांचा हात पँटच्या खिशात गेला.

आम्ही तिघं त्या हाताकडे बघत होतो. खिशात अकरा रुपये होते, हे तिघांनाही माहीत होतं. कामिनीचे ओठ घट्ट मिटले. आता जर सुट्ट्या पैशांचा आवाज आला असता तर त्या घरचा दरवाजा रुपरावांना पुन्हा उघडला असता की नाही, मी सांगू शकत नाही.

हात बाहेर आला तो पट्टी घेऊन. त्यांनी ती उलगडली, गुडघ्यावर हात टेकत खाली फरशीवर बसले आणि फरशी थोपटून म्हणाले, "पाय ठेव इथं."

"बाबा, काहीतरीच."

"ठेव वं. दिवाळी येऊन राहिली."

तिने पाऊल ठेवलं. टाचेला अंगठा लावून रुपरावांनी माप घेतलं, दोनदा, आणि मग लिहायला कागद शोधू लागले. ऋषिकेशने समोरचं पत्र पुढे केलं. 'प्रिय भागधारक'च्या कोऱ्या पाठीवर त्यांनी लिहिलं: साडेनऊ इंच.

"लग्नाच्या आधी बी एवढाच होता," ते म्हणाले. "वाढला नाई."

"आता काय वाढते?" कामिनी म्हणाली आणि डोळे पुसायला पुन्हा आत गेली. जाताना बापाच्या डोक्यावरून हात फिरवून गेली, जसा लहान मुलाच्या डोक्यावरून फिरवतात. रुपरावांनी फरशीवर बसल्या बसल्याच फॉर्मवर सही केली. एकाच वर्षाची नाही, सातही वर्षांच्या लाभांशाची. मग ताटं वाढली. ते चार पोळ्या जेवले आणि रस्सा दोनदा मागून घेतला. ऋषिकेश वाढत होता आणि "मामाजी, अजून घ्या" म्हणत होता, आणि मामाजी घेत होते.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं, पण कंपनीच्या कामात अशी सोय नसते. फॉर्म परत आला, सही जुळत नाही म्हणून. पंच्याण्णव सालच्या सहीत शेवटच्या अक्षराला एक ऐटबाज शेपटी होती. आताच्या हाताला ती काढवत नाही. त्यात ही सही फरशीवर बसून केलेली. मग बँकेच्या मॅनेजरकडून नवी सही साक्षांकित करून घेतली, आणि परत आलेल्या फॉर्मबरोबरच्या छापील पत्राला, 'प्रिय भागधारक, आपली सही जुळत नाही,' जावयाने स्वतः घरी येऊन उत्तर लिहून दिलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पैसे जमा झाले. सात वर्षांचे बत्तीस हजार व्हायला हवे होते. शेवटच्या दोन वर्षांत लाभांश पाच हजारांवर गेला आणि पॅन दिलेला नव्हता म्हणून वीस टक्क्यांनी कर कापला गेला, तेव्हा हाती एकोणतीस हजार दोनशे. देशाच्या कामी थोडं गेलंच.

पण चपला मात्र पंधरा दिवस आधीच आल्या होत्या. साडेचारशे रुपयांच्या, तपकिरी, लकडगंजच्या त्याच दुकानातून. म्हणजे ज्या माणसाने सात वर्षं आलेला लाभांश खर्च केला नाही, त्याने न आलेला लाभांश खर्च करून टाकला. मी तसं बोलून दाखवलं.

"साडेचारशे गेले," मी म्हणालो. "अठ्ठावीस हजार सातशे पन्नास उरले. त्याचं काय करायचं? एखादी चांगली योजना आहे माझ्याकडे."

"उरले कुठं गा? पुढच्या दिवाळीले चपला लागतीन. त्याच्या पुढच्या दिवाळीले लागतीन."

मी सवयीने कागदावर भागाकार केला. "रुपरावजी, साडेचारशेच्या हिशेबाने हे पैसे त्रेसष्ट दिवाळ्या पुरतात."

एकाहत्तर वर्षांच्या त्या माणसाने खिशातून पट्टी काढली, माझ्या टेबलाच्या कडेला लावली, पाहिलं आणि मान हलवली.

"मंग पुरतीन," ते म्हणाले.